एका मॅचवरून रेटिंग बदलत नाही

मिल्या,

ईशाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या लिफ्टसमोर उभा होतो. तुझी लेक म्हणाली, "अविकाका, बाबा इज गॉन." आणि मी तिला विचारलं, "शुअर?"

एकोणीस वर्षांची पोर. बाप जाऊन दोन तास झाले नव्हते, आणि मी तिच्याकडे खात्री मागत होतो, जणू तिने एखाद्या मॅचचा स्कोअर चुकीचा सांगितला असावा. ती बिचारी म्हणाली, "येस काका. दे आर शुअर." पुढे ती काय बोलली ते मला आठवत नाही. लिफ्ट आली, उघडली, मिटली. परत आली. आतल्या माणसाने हात घालून दार धरलं आणि खाली जायचंय का विचारलं. मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाही कळलं नसणार.

आज अकरा दिवस झाले. ती बातमी अजून मला बातमीसारखी वाटत नाही. एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा फारच वेगळा आला की आपण आधी काय करायचो? टाइप करताना चूक झाली का ते बघायचो. माझं डोकं अजून तिथेच आहे. शुक्रवार, सकाळी पावणेनऊ, तुझ्या ऑफिसचं पार्किंग. गाडी चालू, हीटर चालू. लॅपटॉपची बॅग शेजारच्या सीटवर, पट्टा लावलेली. बॅग जड झाली की गाडी टुणटुण करते म्हणून तू तिला पट्टा लावायचास. स्वतःचा पट्टा काढलेला होतास, म्हणजे उतरायच्या बेतात होतास. हे सगळं मी पुन्हा पुन्हा तपासतो आणि मला चूक सापडत नाही.

तुझं शिक्षण, नोकरी, तुमच्या गावच्या, श्रूजबरीच्या, मराठी मंडळासाठी तू काय काय केलंस, ते सगळं लोकांनी फ्युनरल होममध्ये सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही. ज्यांना आपलं माहीत नाही त्यांना एवढंच सांगतो, की पंचवीस वर्षं, सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत, दर मंगळवारी दुपारी साडेबाराला आपण फोनवर बसायचो. मी इथे जर्सी सिटीत नदीकाठच्या बाकावर सँडविच घेऊन, तू त्याच पार्किंगमध्ये असाच गाडीत डबा उघडून. ऑफिसमध्ये मराठीत मोठ्याने भांडता येत नाही म्हणून गाडी. मी फोन लावायचो, आणि तू हॅलो कधी म्हणाला नाहीस. घास तोंडात असायचा. "जेवून राहिलो बे, बोल."

मग आपण अमेरिकन फुटबॉलच्या बत्तीस टीम्सची यादी लावायचो. कोण किती मॅचेस जिंकलं, ते पेपरात असतं. आपली यादी वेगळी होती. प्रत्येक टीमला एक आकडा. दोन टीम्सच्या आकड्यांतला फरक म्हणजे त्या समोरासमोर आल्या तर एक दुसरीला साधारण किती गुणांनी हरवेल. समोरचा किती चांगला होता, मैदान कुणाचं होतं, जिंकलेले गुण कष्टाचे होते की नशिबाचे, हे सगळं त्यात धरायचं. सहा-सात सामने एकेका गुणाने जिंकून वर बसलेली टीम आपल्या यादीत बाराव्या नंबरवर असायची, आणि ज्यांना आपण यादी पाठवायचो ते चाळीसेक मित्र आपल्याला शिव्या घालायचे.

हे सुरू झालं मास्टर्स करताना, स्टेट कॉलेज नावाच्या गावात. चौघांत दोन खोल्या, इंडियन दुकान नाही म्हणावं असंच, आणि शनिवारी सगळं गाव एका रंगाचे शर्ट घालून स्टेडियमकडे चाललेलं. आपण बसस्टॉपवर उभे, हातात धुवायच्या कपड्यांच्या पिशव्या. बस येणार नव्हती, मॅच होती म्हणून. तू एका म्हाताऱ्या गोऱ्या काकांना विचारलंस, "सर, इज अवर टीम गुड?" ते म्हणाले, "सन, वुई आर अनडिफीटेड." तू घरी येईपर्यंत तोंडातल्या तोंडात बोलत होतास, "अनडिफीटेड हे काही उत्तर नाही बे. मी विचारलं चांगली आहे का. कोणाशी खेळले ते सांगा ना."

नियम कळायच्या आधी आपल्याला गुणांचा तक्ता कळला. दुसऱ्या सेमिस्टरला आपण त्याच्यावरच प्रोजेक्ट केलं. तोपर्यंत बॉल पुढे नेण्यासाठी चार प्रयत्न मिळतात एवढंही मला धड ठाऊक नव्हतं. टीव्हीवरचा एक जण सारखं म्हणायचा की या टीमला कसं जिंकायचं ते माहीत आहे, आणि तू टीव्हीशी भांडायचास. "म्हणजे बाकीच्यांना माहीत नाही? ते काय हरायला आले आहेत का?" हातातून निसटलेला बॉल कुणाच्या अंगाखाली जाईल हे नशीब आहे, हे तू सीझनभराचे आकडे काढून दाखवलंस आणि आठवडाभर वर्गात हिरो होतास. मी तेव्हा तुझ्यावर जळायचो. आता सांगायला हरकत नाही.

आपलं एक भांडण मात्र कधी मिटलं नाही. शेवटच्या मॅचला किती वजन द्यायचं. माझं म्हणणं, ताजी मॅच जास्त सांगते. टीम बदलते, कुणी जखमी होतं, कुणाचं मन उडतं, आणि ते आधी ताज्या मॅचमध्ये दिसतं. तुझं म्हणणं, माणसाला ताजं तेवढं खरं वाटतं, हाच रोग आहे आणि यादी त्याच्यावरचं औषध आहे. "एका मॅचवरून रेटिंग बदलत नाही." हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. शेवटी आपण मधला मार्ग काढला, ताज्या मॅचला थोडं जास्त वजन, आणि दोघेही नाखूश राहिलो. दर सीझनला एकदा तरी तू म्हणायचास, "तुझ्यामुळे यादी बिघडली." मी म्हणायचो, "तुझ्यामुळे यादी मागच्या वर्षीची असते."

त्याच वाक्याने तू मला एकदा उभं केलंस. माझी नोकरी गेली ते वर्ष. व्हिसावरचे दिवस मोजून उरलेले, स्मिताला सातवा महिना, आणि मी घरात पायजम्यावर बसून दाराची बेल वाजली तरी उठत नव्हतो. तू सुट्टी टाकून साडेतीन-चार तास ड्राइव्ह करून आलास. धीर दिला नाहीस. टेबलावर कागद ओढलास आणि माझ्या आयुष्याच्या मॅचेस लिहायला लागलास. "इंजिनिअरिंग: काठावर जिंकलास. मास्टर्स: जिंकलास, पण माझ्या नोट्सवर, म्हणजे घरचं मैदान. लग्न: तू मोठ्या फरकाने जिंकलास, स्मिता हरली." स्मिता आतून म्हणाली, "बरोबर लिहिलंयस, मिलिंद." सगळ्यात खाली लिहिलंस, "लेऑफ: हरलास. बाहेरच्या मैदानावर, वीस पोरांसोबत." मग कागद माझ्याकडे सरकवलास. "सांग आता. या टीमचं रेटिंग किती? एका मॅचवरून बदलशील?"

मी त्या दिवशी दाढी केली. तीन आठवड्यांनी नोकरी लागली. तो कागद स्मिताने ठेवलाय, मुलीच्या जन्माच्या दाखल्याबरोबर.

मी हे का सांगतोय ते तुला कळलं असेल. तुला आणि स्मिताला सोडून ते कुणालाच माहीत नाही असं मला शनिवारपर्यंत वाटत होतं.

तू गेलास त्याच्या तीन दिवस आधीचा मंगळवार. आपण नेहमीपेक्षा जास्त तापलो होतो. तू सीझनभर जिला दुसऱ्या नंबरवर ठेवली होतीस, ती टीम रविवारी घरच्या मैदानावर चार टचडाउनच्या, म्हणजे अठ्ठावीसेक गुणांच्या, फरकाने हरली होती. मी म्हणालो, खाली घे. तू म्हणालास, अर्धा गुण कमी करतो. मी म्हणालो, "अरे डोळ्यांनी बघितलंस ना? त्या टीममध्ये काहीतरी मोडलंय." तू म्हणालास, "डोळ्यांनी बघायचं असेल तर यादी कशाला पाहिजे?" मला राग आला. खरा राग. पंचवीस वर्षं हाच माणूस, हेच उत्तर.

मध्येच तू डब्याचं झाकण लावलंस. मला तो आवाज ओळखू येतो. आणि म्हणालास, "अव्या, परवा गंमत झाली. बेसमेंटमधून लाँड्रीची बास्केट वर आणत होतो, आणि मध्येच पायरीवर बसायला लागलं. छातीत असं, कोणी कोपर टेकवून उभं राहिल्यासारखं."

"मग?"

"मग काही नाही. दहा मिनिटांनी गेलं."

"याआधी झालं होतं?"

"नाही. एकदाच."

तेव्हा मी काय म्हणालो ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण तू गेल्यापासून मी ते मनातल्या मनात बदलून सौम्य करायला लागलोय, हे माझ्या लक्षात आलंय. मी म्हणालो, "एकदाच ना? मग तुझ्या नियमाने काय करायचं? एका मॅचवरून रेटिंग बदलत नाही. अर्धा गुण कमी कर."

तू हसलास. लगेच नाही हसलास. आधी थोडा थांबलास, मग हसलास. म्हणालास, "बरोबर पकडलंस बे." आणि मी, देवाशपथ, खूश झालो. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तुझ्याच वाक्याने तुला गप्प केलं होतं. पुढची दहा मिनिटं आपण परत त्या टीमवर बोललो आणि मी उदार होऊन म्हणालो, ठेव तुझी दुसऱ्या नंबरवर.

मिल्या, माझा त्या नियमावर विश्वासही नव्हता. यातून मला सुटता येत नाही. तुझा विश्वास होता, तू तसं म्हणाला असतास तर ती तुझी चूक झाली असती. मी तर सगळं आयुष्य म्हणत आलो की ताजी मॅच जास्त सांगते, काही मोडलं असेल तर ते आधी तिथे दिसतं. ज्या एका दिवशी माझं म्हणणं कामाला येणार होतं, त्या दिवशी मी ते बाजूला ठेवलं आणि तुझं वापरलं, तुला टोमणा मारायला.

आणि आपण दोघेही जे शिकलो, पोटासाठी जे करतो, त्या संख्याशास्त्रात पहिल्याच वर्षी काय शिकवतात? शक्यता किती ते बघा, आणि अंदाज चुकला तर काय जाईल तेही बघा. टीमचा आकडा चुकला तर पुढच्या मंगळवारी दुरुस्त करता येतो, कारण टीम पुढच्या रविवारी परत खेळते. ऑफिसात मी नव्या पोरांना हे फळ्यावर लिहून समजावतो. बाकावर बसून सँडविच खाताना मला ते आठवलं नाही.

श्रूजबरीला तुझ्या कार्यक्रमात मला बोलायला सांगितलं. मी बसस्टॉपची गोष्ट सांगितली. सन, वुई आर अनडिफीटेड. लोक रडता रडता हसले. तुझे ऑफिसमधले गोरे लोकही हसले. मी छान बोललो, सगळ्यांनी येऊन सांगितलं. तू मागे तसा पडलेला, कोट घातलेला, तो निळा, ज्यात तू बँकेच्या मॅनेजरसारखा दिसतोस असं मी म्हणायचो. मला तुझ्याकडे बघवत नव्हतं, आणि लोकांना वाटलं ते दुःखामुळे.

नंतर तुमच्या घरी गॅरेजमध्ये मी बूट घालत होतो. मंजिरी आली. दार लोटून घेतलं. तुझी बायको कधी चढ्या आवाजात बोलत नाही, तुला माहीतच आहे. तिने विचारलं, "अविनाश, मंगळवारी तुमचं बोलणं झालं होतं ना? तब्येतीचं काही म्हणाला होता का?"

मी लेस बांधत होतो. वर बघितलं नाही. म्हणालो, "नाही गं. फुटबॉलच. नेहमीचं."

तिने लोटलेलं दार उघडलं. मग "अच्छा" म्हणाली. फक्त अच्छा. मला वाटेत खायला म्हणून पोळ्यांची गुंडाळी हातात दिली आणि आत गेली.

त्या पोळ्या मी हायवेवरच्या रेस्ट एरियात टाकून दिल्या. खाववल्या नाहीत. हेही सांगून टाकतो.

मग मंगळवार आला. साडेबारा वाजले आणि मी बाकावर बसून तुला फोन लावला. विसरून नाही. तू गेलास हे पक्कं माहीत असताना लावला, जणू नंबर बरोबर टाकला तर उत्तर बरोबर येईल. वाजत राहिला. मग तुझा व्हॉइसमेल, ते तुझं ऑफिसचं इंग्रजी. मी फोन ठेवला. यादी गेली नाही. संध्याकाळपर्यंत चौघा-पाचांचे मेल आले, ज्यांच्यापर्यंत बातमी पोचली नव्हती. एकाने लिहिलं होतं, "यार, ती दोन नंबरवाली टीम आता कुठे टाकणार? मिल्याला सांग, रविवारी तिने वाचवलं त्याला."

मी तेव्हा बघितलं. तू गेल्यावर दोन दिवसांनी ती टीम खेळली होती आणि आरामात जिंकली होती. काही मोडलं नव्हतं. तू बरोबर होतास, मी चूक. आता तू मला चिडवणार नाहीस याचा मला क्षणभर राग आला, आणि मग का कुणास ठाऊक, मी तिथे नदीकडे तोंड करून भर दुपारी हमसाहमशी रडलो. एक बाई कुत्रा घेऊन चालली होती. तिने मला टिश्यू दिला. कुत्र्याने माझं सँडविच बघून ठेवलं होतं. तू असतास तर ते तुला सांगितलं असतं.

त्या रात्री जेवताना मी स्मिताला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मंजिरीला सांग." मी म्हणालो, "तिला आणखी त्रास कशाला? आता काय बदलणार आहे?" ती ताट उचलताना म्हणाली, "अवि, तू तिला वाचवत नाहीयेस."

म्हणून शनिवारी मी श्रूजबरीला गेलो. एकटाच. चार तास वाक्यं जुळवत होतो. ईशाने दार उघडलं, "काका, आई इज नॉट ईटिंग. लाइक, ॲट ऑल. तू सांग ना तिला." मंजिरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तुझ्या औषधांच्या, इन्शुरन्सच्या, कसल्या कसल्या कागदांपुढे बसली होती. कानातलं काढलेलं, केस मागे बांधलेले. मी बसलो नाही, उभ्यानेच सांगितलं. जुळवलेली वाक्यं आठवली नाहीत. बास्केट, पायरी, कोपर, आणि मी काय बोललो ते. "अर्धा गुण कमी कर" हेसुद्धा. आणि मग, "तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो."

मंजिरीने हातातलं पेन खाली ठेवलं.

म्हणाली, "मला माहीत होतं."

मला कळेना. ती कागदांकडे बघतच बोलत होती. "मंगळवारी रात्री जेवताना त्याने मला सांगितलं. म्हणाला, अव्याने आज मला माझ्याच वाक्यात पकडलं. सगळं सांगितलं, बास्केटचं, तू काय म्हणालास ते. हसत होता. इतका खूश होता तो तुझ्यावर. म्हणाला, पंचवीस वर्षांनी पोरगा शिकला." तिने एक कागद उलटा ठेवला. "आणि मीही हसले, अविनाश. मी वाढत होते. मी म्हटलं, बरं झालं, कुणीतरी जिरवली तुझी. मग त्याला आमटी वाढली."

मी खुर्ची ओढून बसलो.

"मग मला गॅरेजमध्ये का विचारलंस?"

तेव्हा तिने पहिल्यांदा वर बघितलं. "मला वाटलं, तू हो म्हणशील. म्हणजे आपण दोघं असू. मला हे ईशाला सांगता येत नाही. त्याच्या आईला सांगता येत नाही, ती नागपूरहून रोज फोन करून विचारते, काही सांगितलं होतं का गं त्याने, काही दुखत होतं का. या सगळ्या जगात त्याचं ते ऐकून हसलेली दोनच माणसं आहेत. आणि तू लेस बांधत म्हणालास, फुटबॉलच."

मिल्या, तू जाण्यापेक्षा मोठा धक्का मला बसू शकेल असं मला वाटलं नव्हतं. आठ दिवस मी समजत होतो की मी एक गोष्ट एकटा वाहतोय. मी ती तिच्या अंगावर टाकून निघून आलो होतो, पोळ्या घेऊन.

तिने मला माफ केलं का ते मला माहीत नाही. तिने तसं म्हटलं नाही आणि मी विचारलं नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "तू डॉक्टरकडे कधी गेला होतास शेवटचा?" मी म्हणालो, "मला काही होत नाहीये." ती म्हणाली, "तेच विचारतेय." आणि माझा फोन माझ्याच समोर सरकवला, जसा तू एकदा कागद सरकवला होतास. शनिवारी दवाखाना बंद होता, म्हणून तिने मला ऑनलाइन अपॉइंटमेंट घ्यायला लावली. गुरुवार, सकाळी सव्वानऊ. "कॅन्सल केलीस तर मला कळेल," म्हणाली. ईशाने त्या दिवशी वरणभात लावला. मंजिरीने दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

निघताना मी विचारलं, यादीवाल्यांना हे लिहू का. चाळीस माणसं, सगळी आपल्या वयाची, सगळी आकडे कळणारी, आणि सगळी तुझं ते वाक्य पाठ असलेली. मंजिरी म्हणाली, "लिही. माझं नाव घालून लिही. मी हसले तेही लिही."

म्हणून हे लिहिलं. आजच्या यादीच्या वर हे जाईल. यादी मी सकाळी लावली. दोन नंबरची टीम दोन नंबरवरच आहे, तुझ्या आकड्याला मी हात लावलेला नाही. ताज्या मॅचचं वजनही आपण ठरवलं होतं तेवढंच ठेवलंय. टीम्सच्या बाबतीत तू बरोबर होतास, हे मी आता लेखी देतो, आणि मला त्याचा जराही आनंद नाही. भांडायला तू हवा होतास.

पाठवायच्या आधी थोडं खाऊन घ्यावं म्हणून मघाशी बाकावर जाऊन बसलो. नदीवर वारा होता. साडेबारा वाजले. या वेळी मी फोन खिशातच ठेवला, आणि तो वाजला. मंजिरीचं नाव होतं. तिला टचडाउन कशाला म्हणतात तेही माहीत नाही. ती डोंबिवलीची, तुझ्या नागपुरी बोलण्याला जन्मभर हसली. मी फोन उचलला आणि हॅलो म्हणालो.

पलीकडून डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला. मग ती घास चावत म्हणाली, "जेवून राहिले. बोल."